माणसांची यादी

बाळकुम, ठाणे
१५ मार्च १९९८

अहो,

नंदाचा नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. कराचीचा शिक्का बघून पोस्टमनने ते माझ्या हातात देण्याआधी चार घरी दाखवलं, त्यामुळे मी पाकीट फोडायच्या आत तुमची खुशाली सगळ्या पाड्याला माहीत झालेली. बोट पकडली गेली त्याला सव्वा वर्ष होऊन गेलं, आणि तुमचं अक्षर मी आज बघतेय. तिकडे गुजरातेत ओख्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊ नका म्हणून मी किती भांडले होते, ते आता काढत नाही. आपल्या खाडीत केमिकलच्या पाण्याने मासळी राहिली नाही, तुम्ही तरी काय करणार होतात.

पत्राच्या खाली लाल शाईने लिहिलंय, ‘वाचले. हरकत नाही. दामाजी.’ चक्क मराठीत! आधी वाटलं तुम्हीच गंमत केलीत. मग तुम्ही लिहिलेलं नीट वाचलं. तुरुंगात मराठी वाचणारं कुणी नाही म्हणून सगळ्यांची पत्रं पडून राहायची, आणि आता कराचीत पिढ्यान् पिढ्या राहिलेले एक मराठी म्हातारे गृहस्थ मिळालेत, ते वाचून मग पुढे देतात. म्हणजे हे पत्रसुद्धा आधी तेच वाचणार. दामाजीकाका, तुम्हाला माझा नमस्कार. नवरा-बायकोचं पत्र आहे, जरा सांभाळून घ्या.

आता बातमी. डोंबिवलीला कॉलेजात शिकवणाऱ्या शीलाताई म्हणून आहेत. त्या आणि त्यांच्या संस्थेच्या बायका पकडलेल्या खलाशांच्या घरच्यांना धरून दिल्लीला अर्ज-विनंत्या करतात. त्यांनी चौकशी केली. मे महिन्याच्या शेवटी दोन्हीकडचे काही मच्छीमार सोडायचं चाललंय आणि त्यात तुमच्या बोटीची माणसं आहेत. तुम्ही आणि डहाणूचा नामा, दोघंही. मी आईंना सांगितलं. तेव्हापासून त्या ओट्यावर बसून जवळा निवडताना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ‘माजा परशा येतंय.’ खोकला आहे, पण जेवण नीट आहे.

तुमचा भाऊ सहदेव माझ्याबरोबर कलेक्टर कचेरीत येतो. आता तो पाड्यातल्या मंडळाचा अध्यक्ष झालाय, त्यामुळे तिथे त्याला खुर्ची देतात आणि मला उभं ठेवतात. आपली शालन सातवीत गेली की तुमची उंची गाठेल असं वाटतंय. मी कंपनीत पॅकिंगलाच आहे. काळजी करण्यासारखं काही नाही.

मेपर्यंत तब्येत सांभाळा.

तुमची
नंदा


बाळकुम
१३ मे १९९८

अहो,

इकडे सगळे खुशाल आहेत. राजस्थानात काय झालं ते तुम्हाला तिथे कळलंच असेल. मी त्याबद्दल काही लिहीत नाही. तुम्हीपण कुणाशी त्यावर बोलू नका. कुणी काही म्हणालं तर ऐकून घ्या आणि मान खाली घालून आपल्या कामाला लागा.

परवा पाड्यात फटाके वाजले. आईंनी पेढा खाल्ला. सगळं ठीक आहे.

नंदा


बाळकुम
५ जून १९९८

दामाजीकाका,

हे पत्र तुमच्यासाठी आहे, यांच्यासाठी नाही. यांच्या नावाचं वेगळं पत्र आत घातलंय. ते द्या, आणि हे वाचून फाडून टाका.

आमच्या आई गेल्या. एकोणतीस तारखेला सकाळी.

मागच्या पत्रात मी पेढ्याचं लिहिलं होतं, त्यातलं खरं काय ते तुम्हाला सांगते. अकरा तारखेला संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली की आपण अणुबाँबची चाचणी केली. मंडळाच्या पोरांनी नाक्यावर फटाक्यांची माळ लावली. सहदेवभाऊजी पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरात आले. आई आतल्या खोलीत पडल्या होत्या. फटाके ऐकून उठल्या, भिंतीला धरून बाहेर आल्या. भाऊजींनी पेढा हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि भाऊजींचा दंड धरून विचारलं, “सुटला कं रं माजा परशा? कंदी येतंय?”

भाऊजी बॉक्सचं झाकण लावत राहिले.

“सांग ना रं! गारीनं येतंय का इमानानं?”

शेवटी ते म्हणाले, “नाय गं आये. बाँब फुटला आपला. म्हणून पेढे.”

“कोनाच्या घरात फुटला?”

“कोनाच्या नाय. वाळवंटात. खाली जमिनीत.”

“मंग पेढा कशाचा?” असं विचारून त्या बसल्या. तोंडातला पेढा गिळताही येईना आणि थुंकताही येईना. मी पाणी दिलं. भाऊजी बॉक्स तसाच ठेवून निघून गेले. काका, मी त्यांना बोल लावत नाही. त्यांना खरंच अभिमान वाटला होता, सगळ्यांनाच वाटला. मलाही पहिल्यांदा टीव्ही बघताना छाती भरून आली होती, खोटं कशाला बोलू. आईंनी तो प्रश्न विचारेपर्यंत.

मग अठ्ठावीसला तुमच्याकडचे स्फोट झाले. त्याच दिवशी शीलाताईंनी दिल्लीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, मच्छीमारांचं आता विसरा, सध्या कुणी कुणाशी बोलत नाही. मी आईंना सांगितलं नाही. पण घर लहान आहे, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं असावं. सकाळी उठल्याच नाहीत.

आता विनंती अशी. यांना हे सांगू नका. आईवर यांचा फार जीव आहे. तिथे एकटं माणूस, कुणाच्या खांद्यावर रडणार? आतल्या पत्रात मी ‘आई बऱ्या आहेत’ असं लिहिलंय. तेवढं तुम्ही चालवून घ्या.

नंदा परशुराम नाखवा


कराची
१० जुलै १९९८

चि. सौ. नंदा हिस अनेक आशीर्वाद.

आपले पत्र मिळाले. मी आपले ऐकले नाही. परशुरामला मी सांगितले. आपण रागवाल, आणि तो आपला अधिकार आहे.

मी दोन दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. आतले पत्र त्याला द्यायचे म्हणून मुलाखतीच्या खोलीत बसलो, तो आला, आणि त्याने पहिला प्रश्न केला तो आईचा. मी शाळामास्तर होतो, आयुष्यभर मुलांना खोटे बोलू नका म्हणून शिकवले. पण खरे कारण ते नव्हे. मुलाला आपल्या आईचे सुतक पाळता आले पाहिजे. ते त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार तुरुंगाला नाही, सरकारांना नाही, आणि माझ्या मते आपल्यालाही नाही.

तो रडला. फार रडला. नामा त्याला धरून बसला होता. तुरुंगात एक न्हावी कैदी आहे, त्याने परशुरामचे डोके भादरले. बराकीतल्या सिंधी कोळ्यांनी आपल्या वाट्याच्या पाण्यातून त्याला आंघोळीला पाणी दिले. दहाव्या दिवशी मी घरून भात करून नेला. जेलरसाहेब भले गृहस्थ आहेत, त्यांनी आत नेऊ दिला. कावळा शिवला की नाही हे विचारू नका. आमच्या कराचीत कावळे पुष्कळ आहेत आणि सगळे भुकेले आहेत.

इथेही मिठाई वाटली गेली. आमच्या गल्लीत हलवायाने फुकट जिलबी काढली. माझ्या शेजाऱ्याने मला विचारले, “मास्टरजी, आता तुम्ही कुठल्या बाँबच्या बाजूने?” मी म्हणालो, ज्यांनी फुटू नये त्या दोन्हींच्या. तो हसला. मी हसलो नाही.

आपण लिहीत राहा. यापुढे जे लिहाल ते मी त्याला वाचून दाखवीन, म्हणून खरेच लिहा.

आपला
दामाजी


बाळकुम
९ ऑगस्ट १९९८

अहो,

दामाजीकाकांवर मी आठवडाभर रागावले होते. मग राग गेला. तुमचं डोकं भादरलं हे वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आईंचे दिवस झाले. इथे सगळं सहदेवभाऊजींनी केलं होतं, पण काहीतरी राहून गेल्यासारखं होतं, ते गेलं.

काका म्हणाले खरं लिहा, म्हणून लिहिते. सहा ऑगस्टला ठाण्यात तलावपाळीवर सभा होती. हिरोशिमावर बाँब पडला तो दिवस. अण्वस्त्रं नकोत म्हणणाऱ्या लोकांची सभा, शीलाताईंची संस्था त्यात पुढे. मे महिन्यापासून त्यांना लोकांनी हैराण केलंय. कॉलेजात कुणी त्यांच्या टेबलावर बांगड्या ठेवल्या. त्यांनी त्या हातात घातल्या आणि तास घेतला.

त्यांनी मला बोलायला बोलावलं. मी नाही म्हटलं. दोन-तीनदा नाही म्हटलं. वाटलं, पेपरात नाव आलं तर तुम्हाला तिथे त्रास होईल, इथे पाड्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली आणि मी हो म्हटलं. तीच तुम्हाला सांगते.

आपली दोन सरकारं दर वर्षी एक जानेवारीला एकमेकांना एक यादी देतात. आपल्या अणुभट्ट्या कुठे कुठे आहेत त्याची. त्यांनी आपल्या भट्ट्यांवर हल्ला करायचा नाही, आपण त्यांच्या भट्ट्यांवर करायचा नाही, असा जुना करार आहे. बोलणं बंद असो, सीमेवर गोळीबार चालू असो, यादी जाते म्हणजे जाते. मी शीलाताईंना विचारलं, “आणि पकडलेल्या माणसांची?” त्या म्हणाल्या, “माणसांचा तसा नियम नाही.”

बस. मला तेवढं पुरलं.

सभेला फार माणसं नव्हती. आधी शीलाताई बोलल्या. म्हणाल्या, अमेरिका आणि रशिया यांच्याइतके पक्के वैरी जगात नव्हते, पण काही वर्षांपूर्वी त्यांनी करार केला आणि एकमेकांची माणसं घरात बोलावून, समोर उभी करून, आपापली क्षेपणास्त्रं मोडून दाखवली. कुणी कमी झालं नाही. मग मी उभी राहिले. माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. आईंच्या पेढ्याचं सांगितलं. कुणी दिला त्याचं नाव घेतलं नाही. मग म्हणाले, भट्ट्यांची यादी देता तशी माणसांची द्या. दर एक जानेवारीला. भट्टी सांभाळता, मग तिच्या आजूबाजूला राहणारा माणूस कुणी सांभाळायचा?

एवढ्यात मागून ओरड झाली. मंडळाची पोरं आली होती. “पाकिस्तानात जा! पाकिस्तानात जा!”

मला काय झालं कुणास ठाऊक, मी माइकमध्येच म्हणाले, “जाते की! तिकीट काढून द्या. माझा नवरा तिथंच आहे.”

मग कुणीतरी हसलं, आणि मग ओरडणाऱ्यांतलेच दोघे हसले. त्यांच्यामागे सहदेवभाऊजी उभे होते. ते हसले नाहीत. पोरांना म्हणाले, “चला रे,” आणि घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, “वैनी, नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं.”

मी म्हटलं, “आत या. चहा टाकलाय.”

चहा घेताना म्हणाले, “माझं मत बदललेलं नाय. बाँब पाहिजेच.” कप खाली ठेवला. “पण दादापण पाहिजे.”

एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं.

कंपनीतल्या बायका आता माझ्याशी कमी बोलतात. चालायचंच. मी थांबणार नाही.

नंदा


बाळकुम
१७ जानेवारी १९९९

अहो,

तुम्ही लिहिलंत, सभाबिभांना जाऊ नको, इथे आम्हाला भोगावं लागतं. मी दामाजीकाकांना सरळ विचारलं की खरंच भोगावं लागलं का. त्यांनी लिहिलं, अजून नाही, पण त्याला भीती वाटते. भीती मलाही वाटते. पण मी गप्प बसले होते ते सव्वा वर्ष आठवा. तेव्हा तुम्ही सुटलात का? म्हणून तुमचं हे ऐकत नाही. घरी आल्यावर काय बोलायचं ते बोला.

मी दिल्लीला जाऊन आले.

एक जानेवारीला पेपरात बातमी आली, भट्ट्यांच्या याद्या यंदाही दिल्या-घेतल्या. स्फोट झाले, शिव्या झाल्या, तरी दिल्या. आमची यादी तयार होतीच. शीलाताई, मी, नामाची बायको जनाबाई आणि डहाणूच्या आणखी काही बायका, आम्ही दिवाळीपासून गावोगाव जाऊन नावं जमवत होतो. बापाचं नाव, गाव, बोट, कधी पकडली. आणि दामाजीकाकांनी कराचीच्या मच्छीमारांची नावं पाठवली होती, जे आपल्या गुजरातच्या तुरुंगात आहेत.

त्यावरून बायकांत भांडण झालं. जनाबाई म्हणाली, “त्यांच्या मान्सांची नावं आपून कशाला लिहायची? आपली सुटूदे पयली.” मी म्हटलं, “भट्ट्यांचं कसं करतात? आपली द्यायची, त्यांची घ्यायची. नुसती आपलीच नावं घेऊन गेलो तर तो अर्ज होईल. दोन्ही असली तर यादी होईल.” ती बराच वेळ घुश्शात होती. मग म्हणाली, “लिवा. पन नामाचं नाव पयलं लिवा.” तसंच केलं.

तिकिटं काढायला सहदेवभाऊजी स्वतः कल्याण स्टेशनात रांगेत उभे राहिले. गाडीत बसवायला आले आणि गाडी सुटताना डब्यातच राहिले. म्हणाले, “तुम्हा बायकांना दिल्लीत कोण विचारतंय.” ती थंडी! आमच्यातल्या कुणाकडेच स्वेटर नव्हता. शालनच्या शाळेचा एक होता, तो आम्ही आळीपाळीने घातला.

परराष्ट्र खात्याच्या कचेरीत शीलाताईंनी वेळ घेऊन ठेवली होती. साहेब तरुण होते, चांगले बोलले. सगळं हिंदीत. यादी चाळली आणि म्हणाले, “बाई, तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. अणुकेंद्रांची यादी हा दोन सरकारांमधला विषय आहे. हे मच्छीमार आहेत, चुकून हद्द ओलांडलेले.”

मी म्हटलं, “साहेब, यांच्या बोटी पकडणारी दोन सरकारंच होती ना? मग ही माणसं दोन सरकारांमध्येच अडकलीत.”

“पण वातावरण तसं नाही सध्या.”

शीलाताई म्हणाल्या, “एक जानेवारीलाही नव्हतं. यादी गेली ना?”

साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं. म्हणाले, “वर पाठवतो.”

“पाठवा. पण आम्हाला पोच द्या,” मी म्हटलं. “शिक्का मारून. नाहीतर आम्ही इथेच बसतो. आमची गाडी उद्याची आहे.”

सहदेवभाऊजी मागून घोगऱ्या आवाजात म्हणाले, “साहेब, माझा सख्खा भाऊ आहे हो त्यात.” त्यांना मी सभेत, मिरवणुकीत ओरडताना ऐकलंय, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग शिपायाला हाक मारून शिक्का मागवला. पोच देताना हळूच विचारलं, “तुमचं कितवं नाव?” मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्यावर पेन्सिलने एक बारीक खूण केली. मी म्हटलं, “एकावर करू नका. सगळ्यांवर करा, नाहीतर खोडून टाका.” शीलाताईंनी माझा पदर ओढला. पण साहेबांनी ती खूण खोडली.

परत येताना गाडीत सगळ्या झोपल्यावर मला धडकी भरली. वाटलं, हे काय केलं मी? ती खूण राहिली असती तर? तुम्हाला हे सांगायला नको होतं, पण आता खरंच लिहायचं ठरवलंय. त्या खुणेने तुम्ही आधी आला असतात कदाचित. आणि मग जनाबाईच्या समोर मी कुठल्या तोंडाने उभी राहिले असते? तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत, ते मला कळवा. उत्तर दुसरं असलं तरी चालेल.

नंदा


बाळकुम
३० मे १९९९

दामाजीकाका,

साष्टांग नमस्कार. हे माहेरपणाला आल्यासारखे जाड झालेत, आणि हे मी त्यांच्या देखत लिहितेय.

मार्चमध्ये वाघा सरहद्दीवर पलीकडून माणसं आली त्यात हे होते आणि नामा होता. फेब्रुवारीत आपले पंतप्रधान बस घेऊन लाहोरला गेले, त्याने झालं, का आमच्या यादीने झालं, का कुठल्या साहेबाला त्या दिवशी चांगली झोप लागली होती म्हणून झालं, मला माहीत नाही. शीलाताई म्हणतात, शोधत बसू नको, पुढची यादी कर. सहदेवभाऊजी आणायला गेले होते. दोघं भाऊ अमृतसरपासून कल्याणपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत म्हणे, नुसते खात आले. बाळकुमच्या नाक्यावर पोरं फटाके घेऊन उभी होती. भाऊजींनीच लावू दिले नाहीत. म्हणाले, “घरात जाऊ दे त्याला आधी.”

पहिले काही आठवडे हे दार बंद करून बसायचे. दाराला आतून कडी लागते याचंच त्यांना नवल वाटायचं. कुणी मोठ्याने हाक मारली की उठून उभे राहायचे. माझ्या शेवटच्या पत्रातल्या खुणेबद्दल यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. मी विचारलंही नाही. एकदा एवढंच म्हणाले, “आता मी आलोय ना? मग आता कशाला जायचं तुला डोंबिवलीला, मीटिंगला?”

मी म्हटलं, “तुम्ही आलात. बाँब गेलेत का?”

मग तुमचं एप्रिलचं पत्र आलं, त्या हलिमाबाईंबद्दल लिहिलेलं. त्यांचा मुलगा युसुफ आपल्याकडे कच्छकडच्या तुरुंगात आहे, दोन वर्षांत त्याची काही खबर नाही, जिवंत आहे का तेवढं कळवा. ते पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते दाढी करून बाहेर पडले आणि शीलाताईंच्या ओळखीच्या वकिलांकडे जाऊन बसले. भेटीची परवानगी मिळायला महिना गेला. दोनदा नाकारली. तिसऱ्यांदा वकिलांनी कोर्टातून आणली.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं गेलो. तुरुंगाच्या फाटकापाशी आल्यावर यांचे पाय थांबले. मी म्हटलं, “तुम्ही इथे सावलीत बसा, मी जाऊन येते.” ते म्हणाले, “तुला त्याची भाषा कळणार नाय. मला आता येते.” आणि माझ्यापुढे होऊन, मान खाली घालून आत गेले.

काका, युसुफ जिवंत आहे. तब्येतीने बरा आहे, समोरचा एक दात पडलाय. यांना बघून आधी त्याला वाटलं हे सरकारी माणूस आहेत, तोंड उघडेना. मग हे त्याच्याशी तुमच्या कराचीच्या बोलीत बोलायला लागले. कुठल्या बराकीत किती गर्दी, डाळीत काय पडतं, रात्री कोण गातं. कुठल्याही तुरुंगातलं सारखंच असावं, कारण तो हसायला लागला. नंतर दोघंही रडले. शिपायाने घड्याळ बघितलं आणि तोंड दुसरीकडे केलं. तो काही फार वाईट माणूस नव्हता.

परत आलो तर इथे कारगिलच्या बातम्या. विमानं बाँब टाकतायत. पाड्यात परत सगळे टीव्हीपुढे. शीलाताईंना काल कुणीतरी फोनवर धमकी दिली. त्यांच्या संस्थेतले काहीजण म्हणतात, यंदा सहा ऑगस्टची सभा नको, जवानांच्या प्रेतयात्रा निघतायत, लोक मारतील. मी म्हटलं, आधी जवानांना वंदन करू, मग बोलू, पण सभा होईल. ज्या दोघांकडे हे हत्यार आहे त्यांची लढाई सुरू झालीय, आता नाही बोलायचं तर कधी बोलायचं? यंदा कल्याणला घ्यायचं ठरतंय. हे म्हणाले, “मी बोलणार नाय. पण सतरंज्या घालायला येतो.” सहदेवभाऊजींनी विचारलं, सभेला पोलीस बंदोबस्त आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग माझी पोरं उभी करतो कडेला. ऐकणार नाय कोण तुमचं भाषण, पण हात लावणार नाय.”

पोस्टमास्तर म्हणाले, पाकिस्तानचं टपाल सध्या जातंय का नाही सांगता येत नाही. मी म्हटलं, तुम्ही शिक्का मारा, पुढचं मी बघते. एक प्रत शीलाताई दुबईच्या ओळखीच्यांमार्फत पाठवतायत. कुठली तरी पोचेल.

पोचली की हलिमाबाईंना एवढं वाचून दाखवा. युसुफचा निरोप आहे, ‘अम्मीला सांगा, माझ्यासाठी बहिणीचं लग्न अडवून धरू नको.’ त्याने तीनदा सांगितलं आणि हे विसरतील म्हणून मलाही सांगितलं. तो मी दिला. पण माझा निरोप वेगळा आहे, तोही द्या. बाईंना म्हणावं, मांडव जरा उशिरानेच घाला. आम्ही मागे लागलोय.

तुमची
नंदा